डब्यावरचा निळा तुकडा

उशांचे अभ्रे बदलत होते. चारपैकी दोन झाले होते. तिसरी उशी मागच्या खोलीतली, वन्संची. त्या घर सोडून गेल्यापासून दोन महिने तिला कुणी डोकं टेकलं नव्हतं, पण धुणं काढलंच आहे तर तीही होऊन जाऊ दे म्हणून ओढून घेतली. अभ्रा उलटा केला तर आतून दुसरा अभ्रा निघाला, चंदेरी जाळीच्या कापडाचा, इतक्या बारीक टाक्यांनी शिवलेला की शिवण शोधायला मला चष्मा पुसावा लागला. आणि त्या दोन कापडांच्या मध्ये चार घड्या घातलेला एक कागद.

कागदावर तारखा होत्या आणि तारखांपुढे आकडे. बाकी एक अक्षर नाही.

मी पलंगाच्या कडेवर बसले. चौथी उशी तशीच राहिली.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रफूवालीला नवरा कशाला? भोकं बुजवायचं काम आधीच पुष्कळ आहे." कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात त्या सव्वीस वर्षं रफूच्या टेबलावर बसल्या. सिगारेटने जळलेला कोट, कसर लागलेली शाल, खिळ्यात अडकून फाटलेली पँट. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा उसवायचा आणि त्याच धाग्याने भोक विणून काढायचं. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधायचं, सापडलं नाही की मालकाला विचारायचं, "दुसऱ्याच कुणाचा दिलात का?" त्या डोळ्याला भिंग लावून काम करायच्या, म्हणून दुकानात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. बसायचं खिडकीपाशी. दिव्याखाली त्यांनी कधी सुई हातात घेतली नाही. दिव्यात रंग खोटं बोलतात, म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वी दुकान नव्या इमारतीत गेलं. खिडकी गेली, गच्चीवर मोबाईलचे खांब आले, टेबलाच्या डोक्यावर दोन पडदे आले, कुठला कपडा कुठल्या यंत्रात आहे ते दाखवणारे. सहा महिन्यांत वन्संच्या टाळूची आग व्हायला लागली. कानात सतत एक बारीक सूर. बोटांची टोकं बधिर व्हायची आणि सुई हातातून निसटायची. आधी चष्मा बदलून झाला, मग दाढ काढून झाली. मग एकदा एका ओळखीच्या बाईकडे आठ दिवस राहायला गेल्या, जिथे फोनला रेंजच येत नव्हती, आणि तिथे सगळं थांबलं. परत आल्या तर पुन्हा सुरू. तेव्हापासून त्या ह्या सगळ्याचा दोष मोबाईल-इंटरनेटच्या लहरींना द्यायला लागल्या.

डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे. म्हणाले, "तुमच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. लहरींमुळेच होतं असं मला सांगता येणार नाही. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पण तुम्हाला त्रास होतोय, तो खोटा आहे असंही मी म्हणणार नाही. रोज शून्य ते दहा आकडा लिहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. झोप किती झाली तेही बघत जा."

खोटा आहे असं बाकी सगळे म्हणाले. दुकानातून त्या आपणहून बाहेर पडल्या. मग दोन वर्षांत तीन घरं. एका घरात शेजाऱ्याचा इंटरनेटचा डबा नेमका त्यांच्या उशाच्या भिंतीला लागून होता. त्या दोन महिने मोरीत गादी घालून झोपल्या. दुसऱ्या ठिकाणी खिडकी उघडली की समोर खांब. तिसऱ्या घराच्या मालकिणीने सांगितलं, "तुम्ही सारखं प्लग काढता, माझ्या फ्रीजमधला बर्फ विरघळतो." शेवटी दोन पिशव्या, एक शिवणाची टोपली आणि ही उशी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आतली चंदेरी जाळी लहरी अडवायला असणार, हे आत्ता कळतंय. ह्यांना म्हणाल्या, "महिनाभर ठेव. तोवर बघते कुठेतरी."

हे मनाने वाईट नाहीत. पण थट्टा केल्याशिवाय ह्यांचा घास उतरत नाही. सकाळी चहाला विचारायचे, "ताई, आजचं हवामान काय म्हणतंय?" वन्संही कमी नव्हत्या. "तू बोलायला लागलास की वादळ," म्हणायच्या.

आमच्या घरी पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि मी तर सकाळी उठून देवापुढे बसणारी बाई. मीच पुढे होऊन ठरवलं. फोन सगळ्यांचे पुढच्या खोलीत. आणि इंटरनेटचा डबा दुपारी दोन ते पाच बंद, म्हणजे वन्संना तीन तास तरी डोळा लागेल. माझी लेक घरूनच नोकरी करते, दिवसभर पडद्यासमोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकते. तिची कामाची वेळ सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपारचं जमत होतं. दोन वाजले की मी डब्याची वायर काढायची आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन सांगायचं, "वन्सं, बंद केला हं." त्या म्हणायच्या, "बरं." एवढंच.

महिना होत आला आणि लेकीच्या ऑफिसने वेळा बदलल्या. आता मधली सुट्टी नाही, दुपारीही बसायचं.

"आई, आत्याला सांग."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर ती पिशव्या भरेल. मग बाबा मला बोलणार."

मीही सांगितलं नाही. दोन वाजले, आणि माझे पाय सवयीने मागच्या खोलीकडे गेले. वन्सं गादीवर पाय पसरून बसल्या होत्या, भिंग बाजूला काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, बंद केला हं."

डब्याचा हिरवा दिवा त्यांच्या दारातून दिसायचा. म्हणून आधीच मी त्याच्यावर कापडाची खोळ चढवून ठेवली होती, धूळ बसते म्हणून सांगता येईल अशी. कापड हाताशी होतं, निळा तुकडा, चार टाके घालून शिवला. आता लिहितानाही लाज वाटते ती ह्याची, की ती खोळ मी सकाळीच शिवून ठेवली होती. देवापुढून उठल्यावर.

त्या दिवशी वन्सं दोन तास झोपल्या.

आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. म्हटलं, डबा चालू आणि ह्या झोपल्या, म्हणजे खरं काय ते आता कळेल. वन्संची आकड्यांची वही खिडकीच्या फळीवर उघडी असायची. मी रोज झाडताना बघायचे. दोन, दोन, एक, दोन. मी मनात म्हणायचे, बरं झालं. त्या खूश, लेकीची नोकरी चालू, घर शांत. पाप कुठे आहे ह्यात?

माझीही एक वही आहे. रोज चार ओळी लिहिते आणि खाली देवाचं नाव लिहून मिटते. तिच्यात मी खोटं लिहीत नाही. देवाच्या नावाच्या वर खोटं कसं लिहायचं? ती अकरा दिवसांची पानं आत्ता उघडून बघितली. "डबा चालू. वन्संना बंद सांगितला. दोन तास झोपल्या." खाली देवाचं नाव. दुसऱ्या दिवशी तेच. अकरा पानं, मधलं एक सोडून तेच.

बाराव्या दिवशी मी ह्यांना सांगितलं. का सांगितलं, तर मला वाटत होतं मी काहीतरी शोधून काढलंय. आपल्यातच ठेवा, असंही म्हटलं. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसलेले असताना हे म्हणाले, "ताई, अभिनंदन. तू बरी झालीस. अकरा दिवस डबा चालू आहे आणि तू घोरतेस. विचार तुझ्या भावजयीला."

लेक ताटात बघत राहिली. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील, निदान रडतील. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, उठून कप विसळला, पालथा घातला आणि म्हणाल्या, "बरं." दुपारी दोनला म्हणायच्या तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. पिशव्या आणि टोपली नेली. उशी राहिली, मला वाटलं विसरल्या.

हे सगळं पलंगाच्या कडेवर बसून आठवत होते, आणि हातात तो कागद. मी माझी वही आणली आणि तारखा लावून बघितल्या. त्याच अकरा तारखा. पहिल्या दिवसापुढे दोन. दुसऱ्यापासून सहा, सात, सात, आठ, सहा. फळीवरच्या वहीतले दोन आणि एक माझ्यासाठी होते. खरे आकडे उशीत.

म्हणजे त्यांना कळलं होतं. दहा दिवस ती बाई डोळे मिटून पडून होती आणि मी दारातून बघून वहीत लिहीत होते, झोपल्या.

आणखी एक गोष्ट दिसली. त्यातल्या आठ तारखेला लेक दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्या दुपारी मी डब्याची वायर खरोखर काढली होती. माझ्या वहीत तसं आहे. कागदावर त्या दिवसापुढे सात होतं. आणि पहिल्या दिवशी, डबा चालू असताना, दोन.

दोन्ही आकडे ह्यांच्या बाजूचे होते. ह्यांना दाखवले असते तर हे टेबलावर हात आपटून म्हणाले असते, बघ. एक क्षण मलाही बरं वाटलं. तेवढा क्षण मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून निघाले. वन्सं कुठे आहेत ते त्यांच्या एका पोस्टकार्डावरून माहीत होतं. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, तिच्या खड्ड्यात एकाने रोपवाटिका केली आहे. खाली उतरलं की रेंज जाते. तिथल्या दगडी कोठीत, जिथे कुंड्या आणि खताच्या गोण्या ठेवतात, एका बाजूला वन्संची खाट. खाटेचे पाय विटांवर होते, कारण जमीन ओली. त्या दाराबाहेर उजेडात बसून कुणाच्यातरी स्वेटरला रफू करत होत्या. खोकला ऐकू आला आणि मग त्या दिसल्या.

मला बघितल्यावर पहिला प्रश्न, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग बस. त्या गोणीवर नको, खत आहे."

मी पालथ्या कुंडीवर बसले आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी उघडलाही नाही.

"सापडला का. दोन महिने लागले. मी म्हणतच होते, ही अभ्रे बदलते तरी कधी?"

"तुम्हाला माहीत होतं, वन्सं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. पहिल्या दिवशी चांगली झोपले." त्यांनी धागा दातांनी तोडला. "दुसऱ्या दिवशी तीन वाजता भिंतीपलीकडून आवाज, 'माझा आवाज येतोय का, माझा आवाज येतोय का?' म्हटलं, येतोय गं बाई, मलासुद्धा येतोय. पाणी प्यायला उठले तर डबा खोळ घालून बसलेला. निळं कापड. ते कापड माझ्या टोपलीतलं होतं."

मी मान खाली घातली. मला ते खरंच सुचलं नव्हतं. तुकडा हाताशी होता, घेतला. कुणाच्या टोपलीतून, ते बघितलंच नव्हतं.

"सव्वीस वर्षं तुकडे मोजून ठेवते मी. कुठल्या कोटाचा कुठला, डोळे मिटून सांगीन. अगं, फसवायचंच तर फडक्याची खोळ शिवायचीस. आणि टाके केवढाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर जावं लागलं असतं. कुठे जाणार होते?" त्या स्वेटर उलटा करून बघत राहिल्या. "आणि तू रोज दोन वाजता दारात यायचीस तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. म्हटलं, हिलाही सोपं नाही. पडून राहिले. वहीत दोन-दोन लिहायचे, म्हणजे तुझा जीव शांत."

एक सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितलं नसतं तर मी आणखी एक खोळ शिवल्यासारखं झालं असतं.

"वन्सं, आठ तारखेला डबा खरंच बंद होता. लेक दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मीच वायर काढली होती."

त्यांनी आता कागद उघडला. आठ तारखेवर बोट ठेवलं. खाणीच्या वरच्या काठावरून मालकाचा आवाज येत होता, पाणी सोडलं का म्हणून.

"म्हणजे मी वेडी."

"नाही."

"सात होतं गं त्या दिवशी. मी मोजून लिहिलंय. टाळूवर हात ठेववत नव्हता."

"मला माहीत आहे."

"तुला काय माहीत?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, आणि मग खोकल्यात गेला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवीन हा कागद. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पण मी तुला सांगते, ज्या घरात चालू काय नि बंद काय हेच धड कळत नाही, तिथे अंगाला कसं कळायचं? ते आपलं धरून बसतं, चालूच असेल म्हणून."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा.

"माफी राहू दे तुझ्यापाशी. ह्या महिनाअखेरीस मालकाला कोठी रिकामी हवी आहे, नव्या कुंड्या येतायत. त्यानंतर माझी गादी कुठे पडणार, ते मला बघायचंय. तुला मला न्यायचंय ना? मग डबा कुठे ठेवणार ते सांग."

"तुम्ही म्हणाल तितका लांब. माळ्यावर."

"लांब नको. माझ्या दारासमोर. बोडका. त्याचा दिवा मला गादीवरून दिसला पाहिजे. मला कुणी दारात येऊन सांगायला नको, तूही नको. मी माझ्या डोळ्यांनी बघीन. तसं झालं तर मी येईन." जरा थांबून म्हणाल्या, "राहायला नाही. बघायला."

निघताना मी उशी देऊ केली, पिशवीत आणली होती. त्यांनी घेतली नाही. "तिथेच ठेव. आले तर लागेल."

संध्याकाळी घरी लेकीला सगळं सांगितलं. ती हेडफोन गळ्यात अडकवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आई, मला लहरी लागतच नाहीत. डब्यापासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली की झालं. डब्याचं लहरींचं बटण कायमचं बंद. बटण बंद असलं की त्याचा दिवाही विझतो, आत्याला दिसेल."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर खोळ शिवलीस."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. एका वायरीचं काम होतं. एक प्रश्न विचारायचा होता, पोटच्या लेकीला. तो न विचारता मी देवाला रोज विचारत होते, मला मार्ग दाखव म्हणून.

हे म्हणाले, "दारासमोर? मग लहरी नसल्या तरी डबा जवळ आला की. तिला लांब हवा ना?"

"लांब होता तेव्हा काय झालं ते बघितलंत. आणि आल्या तर हवामान विचारायचं नाही."

"बरं," हे म्हणाले. भावाबहिणीचं 'बरं' अगदी सारखं आहे, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग थोड्या वेळाने, पेपरमागून, "खोकला फार आहे का तिला?"

"आहे."

ह्यांना मी आठ तारखेचं सांगितलं नाही. तो आकडा वन्संचा आहे. सांगायचा तर त्या सांगतील.

आज सकाळी देवापुढे बसले, पण काही मागितलं नाही. निळी खोळ उसवली. टाके खरंच मोठे होते, एका ओढीत सुटले. तुकडा धुऊन वाळत घातलाय. चौथ्या उशीला अभ्रा घातला. आता वायरमनकडे जायचं आहे, डबा मागच्या खोलीच्या दारासमोर हलवायचा आणि लेकीच्या टेबलापर्यंत पंधरा मीटर वायर टाकायची म्हणून सांगायला.